देवका सिस्टर आणि माझं तीन दिवसांचं बहिरेपण

वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, लग्नाच्या वयाला आलेल्या मुलीची आई असताना आणि मला थोडीबहुत अक्कल आहे असा गावाचा समज असताना, मी तीन दिवस बहिरेपणाचं सोंग घेतलं. कशासाठी, तर इंजेक्शन चुकवायला. माझा नातू शाळा चुकवायला पोटदुखीचं सोंग घेतो. त्याला रागवायला जाते तेव्हा मनातल्या मनात मी आधी स्वतःचे कान धरते. तो बिचारा निदान आठ वर्षांचा आहे.

आणि सोंग घेतलं ते कोणापुढे, तर देवका सिस्टरपुढे. ती स्वतः कधी खोटं बोलत नसे, आणि दुसरा बोलत असेल असं तिच्या मनात येत नसे.

भंडारा जिल्ह्यात, सिहोऱ्याच्या बाजूला आमचं गाव. तिथून तीन कोसांवर सरकारी दवाखाना, आणि त्या दवाखान्यात देवका सिस्टर. ठेंगणी, गोलसर, पन्नाशीची. चालायला लागली की सोबतच्या माणसाला पळावं लागे. मनगटात पुरुषी घड्याळ, तेही आतल्या अंगाला वळवलेलं, त्यामुळे वेळ बघताना ती स्वतःचीच नाडी बघते आहे असं वाटायचं. माहेर-सासर दोन्ही अड्याळचं. त्यामुळे जगातली कुठलीही चांगली गोष्ट अड्याळला आधीच होऊन गेलेली असे. तुम्ही वांगी नेऊन दिली तर म्हणायची, “बरी आहेत. पन अड्याळच्या बाजारात याच्यापेक्षा कवळी भेटते.” कोणाला जुळी झाली तर, “अड्याळात एकीले तीन झाले होते.” डॉक्टरसाहेब नवीन होते, नागपूरकडचे, अगदी कोवळे. एकदा ते वैतागून म्हणाले, “सिस्टर, मग तुम्ही अड्याळ सोडून इकडे कशाला आलात?” ती म्हणाली, “तिकडं कोनी बिमारच नाही पडत ना, साहेब.”

सुई टोचणारा माणूस सहसा काय म्हणतो? मुंगी चावल्यासारखं होईल. देवका सिस्टर म्हणायची, “दुखंल. चांगलंच दुखंल. रडायचं असंल तं आत्ता रडून घे, मंग हात हालते माहा.” लहान पोरांना ती सांगायची, तीन म्हटलं की टोचीन. आणि तीनवरच टोचायची. बाकीचे लबाड दोनवर टोचतात. म्हणून तिच्याकडे पोरं रडत जायची आणि रडतच यायची, पण दुसऱ्या कोणाकडे जायला तयार नसायची.

माझी आणि तिची गाठ पडली ती माझ्या रंगामुळे.

आमचे यादोराव रस्त्याच्या कामावर रोलर चालवायचे. (नवऱ्याचं नाव घेऊ नये म्हणतात. आता या वयात नाव घेतलं म्हणून काय होणार आहे? रोज हाका मारून घसा बसतो तो बसतोच.) त्या कामापायी आम्ही दीड वर्ष बिहारात राहून आलो. आल्यावर मला ताप येऊ लागला. यायचा, जायचा, पुन्हा यायचा. भूक मेली, हातपाय काटक्या झाले आणि पोट मात्र डाव्या अंगानं टणक वर आलं. यातल्या कशाचीही मला काळजी वाटली नाही. काळजी वाटली ती एकाच गोष्टीची, की मी काळी पडत चालले होते. कपाळ, हात, पोट, सगळीकडे जणू राख चोळलेली. झालं! मी बेसन-हळद लावत बसले. नंतर साय लावली. नंतर मुलीच्या, पौर्णिमाच्या, ट्यूबमधली गोरं व्हायची क्रीम चोरून लावली. आत पानथरी, म्हणजे प्लीहा, फुगून बेंबीपर्यंत आली होती आणि ही बाई बाहेरून भिंत रंगवत होती.

मलेरियाच्या गोळ्या खाऊन झाल्या, काही उपयोग झाला नाही. तेव्हा यादोरावांनी मला दवाखान्यात नेऊन बसवलं. देवका सिस्टरनं पोट दाबलं, डोळ्याची पापणी ओढून पाहिली, आणि घड्याळाकडे बघावं तशी माझ्याकडे बघत राहिली.

“कुठं राहून आली वो तू?”

“बिहारात.”

“घर कसं होतं?”

मला वाटलं, ही बाई आमची ऐपत काढते आहे. मी म्हटलं, “चांगलं होतं. पक्कं.”

“पक्कं?”

“म्हंजे… भिंती मातीच्या होत्या थोड्याशा.”

“थोड्याशा म्हंजे किती?”

“चारी.”

“अन् ढोरं कुठं बांधत होते?”

“भिंतीच्या पल्याड.”

“रातच्याले काय चावे?”

“मच्छर.”

“मच्छर कानापाशी गुनगुन करते. हे करत होते का?”

मी आठवून पाहिलं. खरंच, आवाज नव्हता. बारीक, भुरकट, मच्छराच्या निम्म्यानंही नसतील असे किडे. चावले की मगच कळायचे.

तिनं डॉक्टरांना हाक मारली. “साहेब, हिचं रगत नागपूरले पाठवा. मले हे काळा आजार वाटून राह्यलं. मातीच्या भिंतीतल्या त्या किड्यानंच होते तो.”

आमच्या भागात हा आजार नाही. डॉक्टरांनी तो पुस्तकात पाहिलेला. मग हिला कसा ठाऊक? तर नागपूरला कधीतरी तिचं प्रशिक्षण झालं होतं. तिचीच हकिकत: “जेवनाच्या बादचा तास होता तो. सगळ्या सिस्टरा पोटभर जेवून डुलक्या मारून राह्यल्या होत्या. मी डबा घरीच इसरली होती, म्हनून जागी होती. तुहं नशीब माह्या इसरलेल्या डब्यात होतं, सुमन.”

रक्ताचा निकाल आला, तोच आजार निघाला. औषधाची पेटी नागपूरहून आली. पॅरोमोमायसिन असं त्याचं नाव. मला ते काही केल्या म्हणता येईना, म्हणून मी त्याला पारोबाई म्हणू लागले. पारोबाईचं इंजेक्शन रोज एक, कमरेखाली, खोल मांसात, आणि असे एकवीस दिवस. आता म्हणे एकाच दिवसात एक बाटली शिरेतून चढवतात आणि मोकळं करतात. आजकालच्या रोग्यांना कसली मजाच राहिली नाही.

पहिल्या दिवशीच सिस्टरनं मला समोर बसवून बजावलं. “आठ-दहा दिसात ताप जाईल. तुले वाटंल, झाली मी बरी. तू बरी नसशील. एकवीस म्हंजे एकवीस. मधात सोडलं तं तो दबून बसते अन् पुन्हा उठते, अन् मंग या दवाईले भीत नाही तो. त्याच्या बादचं मी काही सांगू नाही शकत. समजलं?”

मी मान हलवली. आयुष्यात मी जितक्या वेळा अशी मान हलवली तितक्या वेळा खरंच समजलं असतं, तर आज मी कलेक्टर असते.

औषधाचं माप वजनावर ठरायचं. दवाखान्यातला वजनकाटा पंचावन्नावर अडकून बसलेला. डॉक्टर उभे राहिले तरी पंचावन्न, मी उभी राहिले तरी पंचावन्न. सिस्टरनं माझा हात धरला आणि तरातरा राइस मिलमध्ये नेलं. धानाची पोती मोजायच्या काट्यावर मला मांडी घालून बसवलं. बाजूला पंधरा-वीस शेतकरी आपापली पोती घेऊन उभे. काटेवाल्यानं विचारलं, “सिस्टर, हे बारदान्यासकट मोजू का बारदाना सोडून?” अख्खी मिल हसली. सिस्टर हसली नाही. तिनं शांतपणे माझी चप्पल काढायला लावली, पदराला बांधलेल्या किल्ल्या सोडून घेतल्या आणि म्हणाली, “आता मोज. अन् धानाच्या वेळेस करते तशी काटामारी करू नोको. हे मानूस आहे.” एकेचाळीस किलो भरले. ते तिनं हातावर लिहून घेतलं. परत दवाखान्यात येईपर्यंत पुसू नये म्हणून ती पंजा उघडा धरून चालली.

मग सुरू झाली आमची रोजची पूजा.

आज डावी बाजू की उजवी, याचा घोळ होऊ नये म्हणून तिनं माझ्या मनगटाला काळा दोरा बांधला. टोचलं की दोरा या हातातून त्या हातात. गावात बायांनी विचारलं, कोणत्या बाबाचा आहे? मी म्हटलं, पारोबाईचा. दोघी-तिघी पत्ता विचारून गेल्या.

टोचताना ती भाजी विचारायची. “काल काय केलं होतं?” आपण सांगायला लागायचं: भाजी चिरली, कढई ठेवली, तेल टाकलं. आणि फोडणी तडतडली की सुई आत! कारण काय, तर फोडणीच्या वेळी बाईचं सगळं ध्यान कढईत असतं आणि अंग सैल पडतं, असा तिचा सिद्धांत. चार दिवसांत मी शहाणी झाले. पाचव्या दिवशी ती म्हणाली, “मंग तेल टाकलं?” मी म्हटलं, “नाही सिस्टर, काल उकडूनच खाल्लं.” तिचा हात थांबला. बराच वेळ विचार करून म्हणाली, “उकडल्यावर मीठ तं टाकलं असशील?” आणि मिठाला टोचलं.

आणि सगळ्यात मोठी गंमत म्हणजे कानांची परीक्षा. या औषधानं क्वचित कोणाच्या कानावर परिणाम होतो. कानात घंटा वाजते, ऐकू कमी येतं. तसं काही वाटलं तर औषध लगेच थांबवायचं. म्हणून रोज टोचायच्या आधी ती मला भिंतीकडे तोंड करून बसवायची, स्वतः दारापाशी जायची, तोंडापुढे रजिस्टर धरायची आणि कुजबुजत एक प्रश्न विचारायची. मी मोठ्यानं उत्तर द्यायचं. प्रश्न औषधबिषधाचे नसतच.

“यादोराव घोरते का?”

“घोरते!”

“तुह्या सासूनं तुले पयल्या दिवाळीले काय देलतं?”

“टोमने!”

तिचं कुजबुजणं रांगेतल्या कोणाला ऐकू येत नसे. माझी उत्तरं मात्र सगळ्या दवाखान्याला ऐकू येत. त्यामुळे सकाळी साडेनऊला ज्यांना काही झालेलं नाही असे लोकही बाकावर येऊन बसू लागले. “टोमने!” असं मी ओरडल्यावर प्रश्न काय असेल यावर त्यांच्यात वाद चालायचे.

आठव्या दिवशी ताप गेला. दहाव्या दिवशी मी दोन भाकरी खाल्ल्या. अकराव्या दिवशी आरशात पाहिलं तर कपाळावरची राख जराशी विरळ झालेली. म्हणजे झालेच की मी बरी! राहिलं काय, तर बूड. बारा दिवस आलटून पालटून टोचून घेतलेलं ते बूड टेकवलं की डोळ्यांत पाणी यायचं. उभ्यानं जेवत होते, पालथी झोपत होते.

आणि मंडई तीन दिवसांवर आली होती.

दिवाळी झाली की आमच्याकडे गावोगाव मंडई भरते. मिठाई, पाळणे, घरोघरी पाहुणे, आणि भर दुपारी चालणारी दंडार. दंडारीत गडी माणसं लुगडी नेसून नाचतात आणि मधूनमधून असे टोले मारतात की बसलेल्यांनी पोट धरावं. आमच्या गावची दंडार मी लग्न होऊन आल्यापासून पहिल्या ओळीत बसून पाहिलेली. बसून! उभ्यानं पाहायची म्हणजे मागे, पुरुषांत. माझ्या डोक्यात एवढंच शिरलं, की तीन दिवस इंजेक्शन नाही मिळालं तर बसता येईल.

तेराव्या दिवशी सकाळी मी भिंतीकडे तोंड करून बसले. मागून कुजबुज आली. “मंडईले कोन कोन येनार आहे वो?”

मी गप्प.

“सुमन?”

मी गप्प. भिंतीवर एक पाल होती, तिच्याकडे पाहत राहिले.

पावलं जवळ आली. तिनं खांद्यावर हात ठेवला तेव्हा मी दचकल्याचं नाटक केलं आणि म्हटलं, “सिस्टर, कानात घंट्या वाजून राहिल्या. काही ऐकू नाही येत.” हे सगळं मी ओरडून म्हटलं. बहिरे ओरडून बोलतात, एवढी अक्कल मला होती.

तिचं तोंड उतरलेलं मी पाहिलं. ते पाहूनही मी गप्प राहिले, हे मला आजही लिहायला जड जातं. डॉक्टर आले, चुटक्या वाजवल्या, कानात बॅटरी मारली. मी खांबासारखी बसून. त्यांनी इंजेक्शन थांबवलं. नागपूरला विचारतो म्हणाले, कानांची मशीनवर तपासणी करावी लागेल, दुसरं औषध मिळेल की नाही तेही बघावं लागेल. मी आनंदानं घरी आले. पालथी न झोपता चांगली उताणी झोपले.

दुसऱ्या दिवशी काय झालं, ते मला मिलमधल्या लोकांनी नंतर सांगितलं. देवका सिस्टर दुकानातून दहा किलोचा सीलबंद आट्याचा थैला विकत घेऊन मिलमध्ये गेली आणि काट्यावर ठेवला. दहा किलो. उतरवला, पुन्हा ठेवला. दहा किलो. काटेवाल्यानं चिडून विचारलं, “सिस्टर, आमच्या काट्यावर भरोसा नाही का?” ती म्हणाली, “होता ना. मी म्हनलं, काटा चुकला असंल तं बरं होईल.” थैला उचलून ती निघाली. काटा बरोबर होता, म्हणजे आता तिच्या हिशेबी चूक एकाच जागी उरली होती. तिच्या हातात.

इकडे माझी चैन. पण बहिरं होणं काय असतं ते मला माहीत नव्हतं. घरी जो येईल तो माझ्या कानाशी तोंड लावून बोंबलायचा. नणंदेनं तर “चहा घेशील का?” असं ओरडून माझे चांगले कान खरोखरच निकामी करायची वेळ आणली. आणि मंडईच्या दिवशी पहिल्या ओळीत मांडी घालून मी अगदी थाटात बसले. दंडार रंगली. लुगडं नेसलेला गडी नवऱ्याच्या ढेरीवर जे बोलला, त्यावर सगळं गाव लोळलं. आणि मी? मला हसता येईना! बहिरी बाई कशावर हसेल? पदर तोंडात कोंबला, मांडीला चिमटे काढले. ज्या दंडारीसाठी एवढं केलं, ती मी मयताला बसावं तशी बसून पाहिली.

तेवढ्यात मागं दोघी बोलू लागल्या. बहिरीमागं कोण आवाज बारीक करतो?

“हिची दवाई बंद झाली म्हन्ते.”

“हो ना. बारा झाल्या, नऊ राहिल्या. आता तो आजार पुन्हा उठते म्हन्ते.”

“दुसरी दवाई नाही का?”

“असंल तं असंल. नाही तं का हाय? पोरीचं लगन पाह्यते का नाही कोनाले मालूम.”

माझ्या शेजारी पौर्णिमा बसली होती. तिनं ते ऐकलं. मला ऐकू येत नाही अशी तिची खात्री, म्हणून तिनं डोळे पुसायचीही घाई केली नाही. माझा हात आपल्या मांडीवर घेतला, समोर दंडारीकडे पाहत राहिली आणि रोजच्या आवाजात, जणू स्वतःशीच, म्हणाली, “आई, तू जाऊ नोको वो.”

मला तिच्याकडे बघता आलं नाही. बघितलं असतं तर मी ऐकलं हे तिला कळलं असतं. समोर ढोलकी वाजत होती आणि मी मनात मोजत होते: बारा झाल्या, नऊ राहिल्या.

दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी तिथं हजर. शिपाई झाडत होता. मला बघून त्यानं हातवारे सुरू केले. मी म्हटलं, “बोला, ऐकू येते. सिस्टर कुठं आहे?” त्याचा झाडू खाली पडला. “भंडाऱ्याच्या गाडीवर गेली. मोठ्या साहेबाले सांगाले, का माह्याच हातानं मापात चूक झाली, मले या कामावरून काढा.”

मी पळाले. एकेचाळीस किलोची, बारा टोचण्यांची बाई चप्पल हातात घेऊन पळाली. एसटी सुरू होऊन गुरगुरत होती. सिस्टर पुढच्या बाकावर, मांडीवर रजिस्टर, त्यावर औषधाची कुपी रुमालात गुंडाळून. मी दारातूनच ओरडले, “सिस्टर, मले ऐकू येते!”

तिचं तोंड असं उजळलं! ती उभीच राहिली. “आलं? कधी आलं वो? कोन्त्या कानानं आलं?”

आणि मग मला सांगावं लागलं. भरल्या गाडीत, शाळेतले मास्तर, दूधवाले, आमच्या गावची पाच माणसं, या सगळ्यांसमोर. “गेलंच नव्हतं, सिस्टर. बसता येत नव्हतं म्हनून… मंडई होती म्हनून…”

कंडक्टर म्हणाला, “बाई, उतरता का बसता?” माझ्या बाबतीत तो प्रश्न जरा जास्तच जवळचा होता, पण तेव्हा कोणी हसलं नाही. देवका सिस्टर खाली उतरली. रजिस्टर काखेत घेतलं, कुपी मुठीत धरली आणि दवाखान्याकडे चालू लागली. त्या दिवशी तिच्या सोबत चालायला पळावं लागलं नाही.

डॉक्टरांनी मला जे ऐकवलं ते इथं लिहिण्यासारखं नाही, आणि मी त्याला पात्र होते. त्यांनी नागपूरला फोन लावला. तिकडून सांगितलं, पुढं चालू करा, उरलेली नऊ पूर्ण करा, आणि सहा महिने डोळ्यांत तेल घालून लक्ष ठेवा. तीन दिवसांच्या खंडानं आजाराला पुन्हा डोकं वर काढता आलं की नाही, ते सहा महिन्यांनीच कळणार होतं.

तेरावं इंजेक्शन तिनं त्याच सकाळी दिलं. भाजी विचारली नाही. मीच आपलं सुरू केलं, “काल वांग्याची केली होती, सिस्टर, आधी वांगे चिरले…” मी फोडणी करून, मसाला टाकून, झाकण ठेवलं तरी काही होईना. मागं वळून पाहिलं तर तिचं टोचून कधीच झालं होतं आणि ती हात धूत होती.

कानांची परीक्षा बंद झाली नाही, पण कुजबुज बंद झाली. ती मागं उभी राहून रिकाम्या कुपीत एक गोळी टाकून हलवायची, मी हात वर करायचा. बाकावरचे प्रेक्षक दोन दिवस आले, मग पांगले. मी रोज काहीबाही बोलायचे. ती कामापुरतं बोलायची: “कूस बदल.” “दाबून धर.” “उद्या.” एकविसावं इंजेक्शन झालं तेव्हा मनगटावरचा दोरा कात्रीनं कापला, रजिस्टरात लिहिलं आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

सहा महिने मी कशी राहिले ते माझं मला माहीत. जरा अंग गरम लागलं की डाव्या अंगाला पोट चाचपून बघायचे. तिनं सांगितलेल्या प्रत्येक तारखेला मी जाऊन बसायचे. ती पोट दाबायची, बोटं मोजायची, लिहायची. पानथरी तीन बोटं, मग दोन, मग एक. शेवटच्या तपासणीला तिनं खूप वेळ दाबून पाहिलं, डॉक्टरांना बोलावलं, त्यांनीही पाहिलं. रक्त पुन्हा नागपूरला गेलं. निकाल आला तेव्हा डॉक्टर म्हणाले, “सुमनताई, सुटलात.” सिस्टरनं रजिस्टरातल्या माझ्या नावापुढं काहीतरी लिहिलं, त्याखाली दोन रेघा मारल्या आणि पेन बंद केलं. एवढंच.

पुढच्याच महिन्यात तिची बदली झाली, अड्याळच्या बाजूला. एसटीच्या थांब्यावर ही गर्दी! तिनं तीनवर टोचलेली सगळी पोरं आली होती. कोणी तांदूळ, कोणी पापड, कोणी जिवंत कोंबडी आणलेली. ती कोंबडी काही केल्या टोपलीत राहायला तयार नव्हती. सिस्टर खिडकीपाशी बसली होती, मांडीवर पिशव्यांचा डोंगर, आणि सगळ्यांना ओरडून सांगत होती की अड्याळला कोंबड्या याच्यापेक्षा मोठ्या असतात, हे नेऊन ती तिथं काय करणार.

मी पौर्णिमाला घेऊन गेले होते. गर्दीतून वाट काढत खिडकीखाली गेले. गाडी सुरू झाली होती. मी म्हटलं, “सिस्टर, जाता जाता एवढं तं सांगा, माफ केलं का नाही?”

तिनं माझ्याकडे पाहिलं. मग पौर्णिमाकडे पाहिलं. पिशव्या बाजूला सारून खिडकीतून अर्धी बाहेर वाकली, आणि इतक्या महिन्यांत पहिल्यांदा, सगळ्या थांब्याला ऐकू जाईल अशा आवाजात माझ्याशी बोलली. त्यानंतर मी तिला पाहिलं नाही. ती म्हणाली:

“तीन दिस मी मारोतीपुढं हात जोडून म्हनून राह्यली होती, का बाप्पा, हिचे कान वापस दे, पाह्यजे तं माहे घे! अन् तुहे तं जागच्या जागी होते! आता तूच जाय अन् त्याले सांग का सौदा रद्द झाला म्हनून. मले लाज वाटते.”